वैमानिकाची पोथी

गेल्या पावसाळ्यांत माझा एक भाचा चार महिने आमच्या घरीं राहावयास होता. खाजगी वैमानिकाचा परवाना मिळवावयाचा असें त्यानें मनांत घेतलें होतें. आणि पावसामुळें उड्डाणें जवळ जवळ बंद असल्यानें तो काळ लेखी परीक्षेच्या तयारींत घालवावा असा त्याचा बेत होता. माजघरांतल्या टेबलावर हवामानशास्त्र, मार्गनिर्णय, विमानाची रचना व एंजिन, हवाई वाहतुकीचे नियम अशा विषयांचीं जाडजूड पुस्तकें पसरलेलीं असत, आणि पूर्वींच्या पाठशाळेंतला विद्यार्थी ज्या चालीवर अमरकोश घोकी त्याच चालीवर हा मुलगा हवेच्या दाबाचे व तपमानाचे आंकडे घोकीत असे. एके दिवशीं संध्याकाळीं तो अगदीं कंटाळून गेला व मला म्हणाला, "मामा, एवढें पाठ करून विमान उडतें का हो? राइट बंधूंनीं कोणती परीक्षा दिली होती?"

प्रश्न थट्टेचा होता. पण तो माझ्या मनाला चिकटून राहिला. मी स्वतः विमान चालविलेलें नाहीं, व या वयांत तें चालविण्याचा संभवहि नाहीं. परंतु पोथी म्हणून ज्या ज्ञानाची आपण हेटाळणी करतों तें आकाशांत माणसाला तारतें कीं नाहीं, हा वाद इतिहासाला विचारण्यासारखा आहे असें वाटलें. त्या निमित्तानें जें वाचनांत आलें त्यांतील कांहीं भाग वाचकांपुढें ठेवीत आहें.

राइट बंधूंनीं परीक्षा दिली नव्हती हें खरेंच. पण त्या काळची पोथी त्यांच्याइतक्या बारकाईनें वाचणारे, आणि वाचून ती कोठें चुकली हें शोधून काढणारे लोक फारच थोडे होते. त्यांच्यापूर्वीं जर्मनींत ऑटो लिलिएन्थाल यानें पक्ष्यांच्या उड्डाणावर १८८९ मध्यें एक ग्रंथ लिहिला व स्वतः पंख बांधून टेकडीवरून दोन हजारांहून अधिक वेळां हवेंत तरंगून दाखविलें. ९ ऑगस्ट १८९६ रोजीं त्याचें यान हवेंत नाक वर करून जागच्या जागीं थबकलें आणि सुमारें पन्नास फुटांवरून कोसळलें. दुसऱ्या दिवशीं तो वारला. त्याचीं कोष्टकें घेऊन राइट बंधूंनीं १९०१ मध्यें जें यान बांधलें त्याची उचल हिशेबापेक्षां फार कमी भरली. तेव्हां डेटन येथील आपल्या सायकलींच्या दुकानांत त्यांनीं लांकडी पेटींतून वारा सोडून सुमारें दोनशें लहान लहान पंख तपासले. हवेच्या दाबाचा जो गुणक अठराव्या शतकापासून सर्वजण डोळे मिटून वापरीत आले होते तो सुमारें दीडपट मोठा आहे, असें त्यांस आढळून आलें. १७ डिसेंबर १९०३ चें तें बारा सेकंदांचें उड्डाण या पेटींतून निघालें आहे. माझ्या भाच्याला हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "म्हणजे त्यांनीं पेपर स्वतःच काढला, आणि स्वतःच तपासला!"

त्यांच्या मागून आलेल्या मंडळींची गोष्ट मात्र निराळी होती. विमान तयार मिळूं लागलें, आणि तयार वस्तु हातीं आली कीं तिच्यामागचा विचार मागें पडतो. फ्रान्सच्या एअरो क्लबानें १९०९ मध्यें वैमानिकांस प्रमाणपत्रें देण्यास आरंभ केला. त्यांतील पहिला क्रमांक ब्लेरिओचा. इंग्लंडांत ८ मार्च १९१० रोजीं मूर-ब्रॅबझन यांस पहिलें प्रमाणपत्र मिळालें. परीक्षा म्हणजे ठरलेल्या घेऱ्यावरून फेऱ्या मारून नेमलेल्या जागेजवळ उतरून दाखविणें, एवढीच. पंख कां उचलतो, केव्हां उचलीनासा होतो, हें उमेदवारास कोणी विचारीत नसे. विचारलें असतें तर परीक्षकासहि नीटसें उत्तर आलें नसतें. फ्रेंच शाळांतून पंख छाटलेल्या यंत्रावर शिष्याला एकट्याला बसवून मैदानावरून दौडवीत. त्या यंत्राला पेंग्विन असें समर्पक नांव होतें. तेथून पुढें ज्याचें त्याचें नशीब.

या अज्ञानाची किंमत किती होती हें एका प्रसंगावरून दिसतें. २५ ऑगस्ट १९१२ या दिवशीं इंग्लंडांत सॉल्सबरीच्या पठारावर लष्करी विमानांची चढाओढ चालली होती. आरमारी अधिकारी लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क हा ॲव्हरो कंपनीच्या बंद खोलीच्या विमानांतून लेफ्टनंट ल ब्रेटन यास घेऊन तीन तासांची कसोटी संपवून खालीं येत होता. वळण घेत घेत उतरत असतां सुमारें सातशें फुटांवर विमान एकदम नाक खालीं करून स्वतःभोंवतीं गरगर फिरूं लागलें. त्या काळीं या फेऱ्यांतून जिवंत बाहेर येऊन हकीकत सांगणारा मनुष्य विरळा. पार्क यानें प्रथम सर्वांस ठाऊक असलेले उपाय केले. एंजिनाचा जोर वाढविला. नाक वर यावें म्हणून दांडा पोटाशीं ओढून धरिला. आणि तत्कालीन समजुतीप्रमाणें सुकाणू ज्या अंगास गिरकी चालली होती त्याच अंगास दाबिलें. गिरकी अधिकच घट्ट झाली. अंग बाहेरच्या बाजूस इतकें फेंकलें जात होतें कीं, एका हातानें त्यास खोलीचा खांब धरून राहावें लागलें. जमीन पन्नास एक फुटांवर आली तेव्हां आतां मरावयाचेंच आहे अशा निराशेनें त्यानें सुकाणू उलट अंगास पुरतें लोटलें. गिरकी तत्काळ थांबली, विमान सरळ झालें, आणि कांहींच न घडल्याप्रमाणें तें मैदानावर उतरलें.

पुढें त्यानें जें केलें तें मला त्याच्या सुटकेपेक्षांहि मोठें वाटतें. विमानांतून उतरल्यावर त्यानें व तेथें जमलेल्या जाणत्यांनीं बसून प्रत्येक हालचालीची क्रमवार नोंद केली, आणि ती छापून प्रसिद्ध झाली. आपण गोंधळलों होतों, चुकीचे उपाय करीत होतों, शेवटचा उपाय केवळ हताशपणें केला, यांतलें कांहीं त्यानें झांकलें नाहीं. शूर म्हणून नांवाजलेल्या माणसाला हें कठीण असतें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वेंब्ली येथें दुसऱ्या एका विमानाच्या अपघातांत पार्क मरण पावला. पण त्याचा कागद मागें राहिला.

हा कागद शास्त्र होण्यास मात्र चार-पांच वर्षें लागलीं. याविषयीं एक आख्यायिका मोठ्या आवडीनें सांगितली जाते. फ्रेडरिक लिंडेमन या भौतिकशास्त्रज्ञानें, जो पुढें लॉर्ड चेरवेल व चर्चिलचा सल्लागार म्हणून प्रसिद्धीस आला, फार्नबरो येथें खोलींत बसून गिरकीचें गणित मांडलें. वैमानिक विश्वास ठेवीनात म्हणून एका डोळ्यानें अधू असतांहि स्वतः उडावयास शिकला. आणि १९१७ मध्यें मुद्दाम गिरकींत शिरून बाहेर आला. गोष्ट सुंदर आहे, पण "पहिला" हें विशेषण तिच्यांतून काढून टाकलें पाहिजे. त्याच फार्नबरो येथें मेजर गुडन यानें १९१६ मध्येंच गिरकींत जाऊन व बाहेर पडून दाखविलें होतें. लिंडेमनचें खरें श्रेय निराळें आहे. जेथें दुसरा देव आठवतो तेथें त्यानें गरगर फिरणाऱ्या यंत्रांत बसून वेगमापकाचे व इतर मापकांचे आंकडे टिपले. त्या आंकड्यांतून दिसलें कीं, विमान दगडासारखें खालीं जात असतांहि त्याचा हवेंतला वेग वाढत नाहीं. मग तें साध्या सूरांत नाहींच. त्याच्या पंखांनीं आपलें काम सोडलेलें आहे.

येथें थोडें पोथींतलें सांगणें भाग आहे. पंख वाऱ्याच्या धारेशीं थोडा कोन करून पुढें जातो म्हणून त्यास उचल मिळते. कोन वाढवावा तशी उचल वाढते, पण एका हद्दीपर्यंतच. साधारण पंधरा-सोळा अंशांपुढें हवा पंखाच्या पाठीवरून सुरळीत वाहीनाशी होते, भोंवरे उठतात, आणि उचल ढासळते. यालाच वैमानिक स्टॉल म्हणतात. एंजिन बंद पडण्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, आणि नवशिक्याचा पहिला घोटाळा येथेंच होतो. दुसरा घोटाळा याहून घातक. स्टॉल हा वेग कमी झाल्यामुळें होतो असें त्यास वाटतें. वस्तुतः तो कोनामुळें होतो, व म्हणून कोणत्याहि वेगास होऊं शकतो. सरळ जातांना ५० नॉट वेगास जें विमान स्टॉल होतें तेंच साठ अंश कलून उंची न सोडतां वळतांना ७० नॉटांसच होईल, कारण तेथें पंखावर दुप्पट भार असतो. आतां दोन पंखांपैकीं एकानें हें काम आधीं सोडलें, कीं तो खालीं जातो, खालीं जातांना त्याचा कोन आणखी वाढतो, तो आणखी निकामी होतो, आणि विमान त्याच्याभोंवतीं फिरूं लागतें. हीच गिरकी, म्हणजे स्पिन. उपाय काय? जोर कमी करावा, सुकाणू गिरकीच्या उलट दाबावें, आणि दांडा पुढें ढकलावा, म्हणजे समोर जमीन भिंतीसारखी उभी असतां नाक तिच्याकडेच करावें! शरीराचा प्रत्येक स्नायु सांगतो कीं दांडा मागें ओढ. आणि तसें ओढणें म्हणजे कोन वाढविणें. पार्क यानें तेंच केलें होतें, आणि लिलिएन्थालचेंहि यान नाक वर करूनच थबकलें होतें. ज्या ठिकाणीं उपजत बुद्धि माणसाला निश्चितपणें मारते अशा जागा थोड्या असतात; त्यांतली ही एक आहे. वुल्फगांग लांगेविशे या जर्मनींत जन्मलेल्या अमेरिकन वैमानिकानें १९४४ मध्यें याच एका कोनाभोंवतीं सबंध पुस्तक रचलें, आणि तें अजूनहि नवशिके वाचतात.

हें ज्ञान शाळेंत आणण्याचें काम रॉबर्ट स्मिथ-बॅरी यानें केलें. १९१६ मध्यें फ्रान्समधील आघाडीवर एका तुकडीचा प्रमुख असतां त्याच्याकडे जे तरुण येत त्यांस उडतां येई, एवढेंच. आपण काय करतों हें त्यांस ठाऊक नसे, आणि शत्रूची गांठ पडण्याआधींच ते विमानासह मोडत. त्यानें वरिष्ठांस पत्रें लिहून लिहून भंडावून सोडलें, तेव्हां गॉसपोर्ट येथील शिक्षण-तुकडी त्याच्या ताब्यांत देण्यांत आली. तेथें त्यानें ॲव्हरो ५०४ या विमानांत गुरु व शिष्य दोघांसहि दांडे दिले, बोलण्यासाठीं मध्यें एक नळी टाकली, आणि धोका टाळण्याऐवजीं धोक्यांत मुद्दाम नेऊन त्याचें कारण तेथल्या तेथें सांगावयाचें अशी पद्धति घालून दिली. आज जगांत कोठेंहि शिकणारा वैमानिक शिक्षकाशेजारीं बसून मुद्दाम स्टॉल करतो तो या माणसामुळें.

इतकें असून १३ ऑक्टोबर १९१९ रोजीं पॅरिसला राष्ट्रांनीं जो पहिला हवाई करार केला त्यांत खाजगी वैमानिकाच्या ज्ञानाच्या परीक्षेंत काय घातलें? दिवे व खुणा यांचे नियम, विमानतळाजवळच्या रहदारीचे नियम, आणि आंतरराष्ट्रीय हवाई कायद्याची माहिती. पंखाचें नांव नाहीं! सरकारांना काळजी सीमांची होती. वैमानिक पडला तर आपल्या पायानें पडेल. सीमा ओलांडून गेला तर वकिलातींस कामास लागावें लागेल. हवामान, मार्गनिर्णय, यंत्र हे विषय हळूहळू भर पडत आले, आणि १९४४ च्या शिकागो करारानंतर जगभर त्यांना सारखें रूप मिळालें.

आपल्याकडे या विद्येची मुळाक्षरें १९२८ मध्यें सुरू झालेल्या फ्लाइंग क्लबांतून गिरवलीं गेलीं. मुंबईचा क्लब जुहूचा. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जे. आर. डी. टाटा यांस हिंदुस्थानांत दिलेला पहिला परवाना मिळाला. त्यावर क्रमांक १ असा आहे. त्यानंतर आगाखानांनीं इंग्लंड-हिंदुस्थान प्रवास एकट्यानें करणाऱ्या हिंदी वैमानिकासाठीं बक्षीस लाविलें. टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला. इजिप्तमधील अबुकीर येथें दोघांची गांठ पडली, तेव्हां अस्पी सुट्या स्पार्क प्लगांअभावीं अडकून पडलेला. टाटांनीं प्रतिस्पर्ध्याला आपले प्लग काढून दिले, आणि शर्यत अस्पीनें जिंकली. हा मुलगा पुढें १९६० मध्यें भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला. टाटांच्या दिलदारपणासाठीं ही गोष्ट सांगितली जाते, व तें योग्यच आहे. पण तींत एंजिनाच्या पोथींतलें एक पानहि आहे, हें सहसा कोणी सांगत नाहीं. हवामानाचें पान जुहूनेंच शिकविलें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटांनीं कराचीहून जुहूस पहिली टपाल आणली; परंतु समुद्रकांठचें तें मैदान पावसाळ्यांत चिखलाखालीं जाई, आणि चार महिने सारा संसार पुण्यास हलवावा लागे. माझा भाचा पावसाळ्यांत पुस्तकें उघडून बसला होता तो या जुन्या रिवाजास धरूनच म्हणावयाचा. १९३६ मध्यें लाहोरला साडी नेसून जिप्सी मॉथ चालविणाऱ्या एकवीस वर्षांच्या सरला ठकराल यांचें नांव त्याला मीं सांगितलें, तेव्हां माझी पत्नी स्वयंपाकघरांतून बाहेर येऊन उभी राहिली, आणि त्या दिवशीं चहा दोनदां मिळाला.

पोथीचा दुसरा मोठा विजय ढगांत झाला. १९२६ मध्यें सॅनफ्रॅन्सिस्कोच्या क्रिसी फील्डवर डॉ. डेव्हिड मायर्स यांनीं विल्यम ऑकर या लष्करी वैमानिकाचे डोळे बांधून त्यास फिरत्या खुर्चींत बसविलें. खुर्ची एका दिशेनें फिरवून हळूहळू थांबविली कीं, आपण उलट फिरत आहों असें तो शपथेवर सांगे. कानांतील समतोलाचें इंद्रिय केवळ बदल ओळखतें. एकसारखी गति त्याला थांबल्यासारखी वाटते, आणि थांबणें हें उलट फिरणें वाटतें. ऑकर यानें मग एका बंद पेटींत वळण दाखविणारें यंत्र व विजेची बत्ती बसविली, पेटींत तोंड घालून पुन्हां खुर्चींत बसला, आणि प्रत्येक वेळीं बरोबर उत्तर दिलें. कार्ल क्रेन याच्यासह त्यानें १९३२ मध्यें यावर पुस्तक लिहिलें. ढगांत शिरलेल्या वैमानिकानें आपल्या अंगाचें ऐकूं नये, काट्यांचें ऐकावें, हा सिद्धान्त जुन्या वैमानिकांना अपमानास्पद वाटे. त्यांचा अभिमानच मुळीं अंगाच्या जाणिवेचा होता. १९५४ मध्यें इलिनॉय विद्यापीठांत यंत्रांवरून उडण्याचें शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचें कांहीं न दिसेल अशा स्थितींत विमान चालवावयास दिलें; वीसहि जणांचा ताबा सुटला, आणि त्यास सरासरीनें १७८ सेकंद लागले. तीन मिनिटेंहि नाहींत.

येथवर पोथीचा जय झाला. पण प्रामाणिकपणें दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. १६ जुलै १९९९ च्या रात्रीं अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव आपल्या पत्नीस व मेहुणीस घेऊन समुद्रावरून विमान नेत असतां धूसर हवेंत क्षितिज हरवलें, आणि तिघेंहि समुद्रांत बुडालीं. चौकशींत कारण निघालें तें हेंच, दिशाभ्रमामुळें ताबा सुटणें. याच गृहस्थानें त्याच वर्षींच्या मार्च महिन्यांत यंत्रांवरून उडण्याची लेखी परीक्षा उत्तीर्ण केली होती. प्रत्यक्ष शिक्षण अर्धवट होतें. म्हणजे कान फसवितो हें तो कागदावर लिहून आला होता. कागदावर लिहिलेलें हाताच्या बोटांपर्यंत पोंचण्यास जो काळ लागतो तो त्याला मिळाला नाहीं.

आणखी एक गंमत. पंखाची पाठ फुगीर असल्यामुळें वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेला मागच्या कडेशीं गांठण्यासाठीं ती घाई करते, म्हणून उचल मिळते, असें स्पष्टीकरण अनेक पाठ्यपुस्तकांनीं पिढ्यान् पिढ्या दिलें. तें खोटें आहे. वरची हवा खालच्या हवेची वाट पाहात नाहीं. ती तिच्या आधींच मागच्या कडेस पोंचते. हें चुकीचें उत्तर लिहून हजारों लोक उत्तीर्ण झाले आणि सुखरूप उडाले! यावरून पोथी व्यर्थ ठरते असें माझ्या भाच्याचें म्हणणें पडलें. मला तसें वाटत नाहीं. पंख कां उचलतो हें वैमानिकाला चुकीचें ठाऊक असलें तरी एक वेळ चालतें, तें तत्त्वज्ञान झालें. तो केव्हां उचलावयाचा थांबतो, हें मात्र बरोबर ठाऊक असलें पाहिजे. परीक्षा घेणारांनीं या दोन ज्ञानांना सारखेच गुण ठेवावे, ही परीक्षांची जुनी खोड आहे.

गणपती जवळ आले तेव्हां भाचा मार्गनिर्णयाच्या प्रकरणाशीं झुंजत होता. त्याच्या हातांत चकती फिरवून हिशेब करण्याचें एक साधन होतें, ई-६बी नांवाचें. वाऱ्याचा त्रिकोण त्यावर मांडतां येतो. विमानाचा वेग ९० नॉट, वारा आडवा, २० नॉट. नाक किती अंश वाऱ्याकडे वळवावें? न वळविलें तर तासाभरांत वीस सागरी मैल बाजूला. यांत वीज नाहीं, पडदा नाहीं. १९४० च्या सुमारास अमेरिकन सैन्यानें घेतलेली ही वस्तु संगणकांच्या काळांतहि विद्यार्थ्यांच्या टेबलावरून हललेली नाहीं. "हें कोणी काढलें?" त्यानें विचारलें. फिलिप डाल्टन म्हणून अमेरिकेच्या राखीव आरमारांतला एक वैमानिक होता त्यानें, असें मीं सांगितलें. त्याचें पुढें काय झालें? जुलै १९४१ मध्यें एका शिष्याला गिरकीचा सराव देतांना विमान पडलें, आणि दोघेहि गेले.

तो कांहीं बोलला नाहीं. चकती फिरवून त्यानें तेरा अंश असें उत्तर वहींत लिहिलें, तें साधन बाजूला ठेविलें, आणि स्टॉल व स्पिनचें प्रकरण पुन्हां पहिल्या पानापासून उघडलें.